आत्ता आत किती?

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. हॉटस्टारवर तो पाहणाऱ्यांच्या स्क्रीनवर एक आकडा सतत बदलत होता. त्या दिवशी त्याचा उच्चांक ५ कोटी ९० लाखांवर पोचला. २०१९ च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याला तो २ कोटी ५३ लाख होता आणि २०१८ च्या आयपीएल अंतिम सामन्याला १ कोटी ३ लाख. दुसऱ्या दिवशी अशा बातम्या वाचताना बहुतेकांचा समज होतो की एवढ्या लोकांनी सामना पाहिला. सामना पाहिलेल्यांची एकूण संख्या त्याहून पुष्कळ मोठी असते. हा आकडा एका क्षणाचा आहे. त्या क्षणी एवढी माणसं एकाच वेळी बघत होती, आणि दहा मिनिटांनी ती तेवढीच असतील असं नाही.

आता दुसरा प्रसंग. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता १८ वर्षांवरच्या सर्वांसाठी कोविन या सरकारी संकेतस्थळावर कोविडच्या लसीची नोंदणी खुली झाली. सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार सेकंदाला सुमारे ५५ हजार रिक्वेस्ट येत होत्या आणि पहिल्याच दिवशी सव्वा कोटीहून जास्त लोकांनी नोंदणी केली. सुरुवातीला अनेकांना ओटीपी मिळेना, पान उघडेना. घराघरांत एकच वाक्य ऐकू येत होतं : ‘सर्व्हर डाऊन आहे.’

हे वाक्य आपल्या सार्वजनिक जीवनात पक्कं रुजलं आहे. निकालाच्या दिवशी, तत्काळ तिकिटाच्या वेळी, रेशन दुकानात अंगठा लावताना, दाखल्यासाठी सेतू केंद्रात उभं असताना आपण ते ऐकतो आणि पाऊस आला म्हणावं तसं निमूटपणे स्वीकारतो. पण सर्व्हर अचानक आणि विनाकारण कोसळणं फार दुर्मीळ असतं. कोसळण्याआधी तो सांगत असतो, आणि ज्या आकड्यातून सांगतो तो साधा आहे : या क्षणी माझ्या हातात किती कामं अर्धवट आहेत. मॉनिटरिंगच्या भाषेत याला ‘इन-फ्लाइट रिक्वेस्ट’ म्हणतात आणि तो ज्या प्रकारच्या मापात ठेवला जातो त्याला गेज. सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. डॅशबोर्डवर मला एकच ग्राफ ठेवायची मुभा दिली, तर मी हाच ठेवीन.

पाऊस आणि साठा

पावसाळ्यात वर्तमानपत्रं धरणांचा तक्ता छापतात. कोयना, खडकवासला, जायकवाडी. त्यात एक रकाना असतो १ जूनपासून झालेल्या एकूण पावसाचा. तो आकडा वाढतो किंवा थांबतो, कमी कधी होत नाही, आणि पुढच्या १ जूनला पुन्हा शून्यापासून सुरू होतो. दुसरा रकाना साठ्याचा. साठा चढतो, उतरतो. दरवाजे कधी उघडायचे हे त्यावर ठरतं. एकूण पाऊस कितीही झालेला असो, नदीकाठच्या गावाला सावध करायचं की नाही, हे साठा आणि आवक-विसर्ग पाहूनच सांगता येतं.

सर्व्हरवरही हेच दोन रकाने असतात. आजवर किती रिक्वेस्ट आल्या हे काउंटर सांगतो. आत्ता किती रिक्वेस्ट आत आहेत हे गेज सांगतं. इंटरनेटच्या व्यवहारात ही विभागणी जुनी आहे. नेटवर्कवरची उपकरणं दुरून तपासता यावीत म्हणून ऑगस्ट १९८८ मध्ये जे प्रमाण ठरलं, त्यात या दोन्ही जाती स्वतंत्र नोंदल्या होत्या. काउंटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत गेला की पुन्हा शून्यावर येणार. गेज मात्र त्या टोकाला पोचलं तर तिथेच थांबणार. १९९५ मध्ये टोबियास ओटिकर यांनी एमआरटीजी हे ग्राफ काढणारं साधन लिहिलं आणि पुढे आरआरडीटूल. त्यांतही हा भेद कायम राहिला.

आज जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक असलेलं प्रोमिथियस २०१२ मध्ये बर्लिनच्या साउंडक्लाउड या संगीत कंपनीत सुरू झालं. मॅट प्राउड आणि ज्युलियस वोल्झ हे त्याचे पहिले कर्ते, दोघेही आधी गूगलमध्ये होते. गूगलच्या आतल्या बोर्गमॉन या मॉनिटरिंग व्यवस्थेचा त्यांच्यावर प्रभाव होता. प्रोमिथियसमध्ये मापांच्या चार जाती आहेत : काउंटर, गेज, हिस्टोग्राम आणि समरी. नवा माणूस काउंटरवर रमतो, कारण मोठे आकडे पाहायला बरे वाटतात. रात्री दोन वाजता फोन वाजू लागला की तो गेज शोधायला शिकतो.

एका पानाच्या चार ओळी

हा भेद जवळून पाहायचा असेल तर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर घ्यावा. रशियातल्या इगोर सिसोएव्ह यांनी तो २००२ मध्ये लिहायला घेतला आणि २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. तेव्हा जाणकारांमध्ये एक प्रश्न गाजत होता : एकाच सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार ग्राहक कसे सांभाळायचे? डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये तो नेमक्या शब्दांत मांडला होता. प्रश्नात ‘दिवसाला दहा हजार’ नव्हतं, ‘एकाच वेळी’ होतं.

एनजिनएक्समध्ये एक छोटं स्थितीदर्शक पान चालू करता येतं. त्याच्या अधिकृत माहितीपत्रात नमुन्यादाखल दिलेले आकडे असे आहेत. पहिल्या ओळीत चालू जोडण्या : २९१. त्याखाली तीन रकान्यांची नावं आणि मग त्यांचे आकडे : स्वीकारलेल्या जोडण्या १,६६,३०,९४८, हाताळलेल्या जोडण्याही तेवढ्याच, आणि रिक्वेस्ट ३,१०,७०,४६५. शेवटच्या ओळीत वाचन ६, लेखन १७९, प्रतीक्षा १०६.

मधले तिन्ही आकडे काउंटर आहेत. स्वीकारलेल्या आणि हाताळलेल्या जोडण्या सारख्याच आहेत, म्हणजे एकही जोडणी मर्यादेपायी टाकून द्यावी लागलेली नाही. रिक्वेस्टना जोडण्यांनी भागलं तर एका जोडणीवर सरासरी १.८७ रिक्वेस्ट आल्याचं कळतं. माहिती चांगली आहे, पण तिच्यावरून या क्षणाबद्दल काहीच सांगता येत नाही. वरचे २९१ आणि खालचे तीन आकडे गेज आहेत. खालच्या तिघांची बेरीज करून पाहा, २९१ च येते.

या २९१ जणांना सर्व्हर एकाच वेळी सेवा देतो आहे, असं मात्र समजू नये. ‘प्रतीक्षा’तले १०६ जण सध्या काहीच मागत नाहीत. त्यांच्या ब्राउझरने पुढच्या मागणीसाठी जोडणी उघडी ठेवली आहे, एवढंच. सर्व्हर ६ जणांची मागणी वाचतो आहे आणि १७९ जणांना उत्तर देण्याच्या खटपटीत आहे. खरं हातातलं काम १८५. पहिल्याच आकड्यावर अलर्ट लावणाऱ्याला निवांत जोडण्या वाढल्या तरी रात्री उठावं लागतं, आणि ‘लेखन’ फुगत चाललं असताना एकूण आकडा तेवढाच दिसला तर तो झोपून राहतो. मोजण्याआधी आपण नेमकं काय मोजतो आहोत हे ठरवावं लागतं, ते यासाठी.

अपाचे हा त्याहून जुना सर्व्हर हीच गोष्ट अक्षरांत दाखवतो. त्याच्या स्थितीपानावर प्रत्येक वर्करसाठी एक अक्षर असतं. डब्ल्यू म्हणजे उत्तर पाठवतो आहे, के म्हणजे जोडणी नुसती धरून आहे, अधोरेषा म्हणजे मोकळा बसला आहे, टिंब म्हणजे ती जागाच अजून रिकामी आहे. एरवी या पानावर अधोरेषांची रांग असते आणि मधेमधे डब्ल्यू. ती रांग डब्ल्यूंनी भरत जाताना पाहिली, की अनुभवी माणूस ग्राफची वाट पाहत बसत नाही.

कोपनहेगनचा गणिती

‘आत्ता किती’ हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. १९०८ मध्ये आग्नर क्रारूप एर्लांग हा तरुण गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत रुजू झाला. कंपनीपुढचा प्रश्न असा : शहरात फोन वाढत आहेत, तर एक्स्चेंजमध्ये किती वाहिन्या ठेवाव्यात? जास्त ठेवल्या तर पैसा वाया, कमी ठेवल्या तर लोकांना फोन लागणार नाही. एर्लांगने १९०९ मध्ये टेलिफोन संभाषणांवर संभाव्यतेचं गणित लावणारा निबंध प्रसिद्ध केला. १९१७ मध्ये, दिलेल्या वाहिन्यांवर किती फोन परतवावे लागतील याचं सूत्र दिलं. दिवसभरात फोन किती झाले यावर वाहिन्यांची गरज ठरत नाही. एकाच वेळी किती संभाषणं चालू असतात यावर ठरते, हा त्याच्या कामाचा पाया. १९४६ मध्ये टेलिफोन वाहतुकीच्या एककाला त्याचं नाव मिळालं. एक एर्लांग म्हणजे सरासरी एक संभाषण सतत चालू असणं. आज आपण इन-फ्लाइट रिक्वेस्ट मोजतो, तेव्हा एर्लांगच मोजत असतो.

या विचाराला सर्वांत साधं रूप दिलं अमेरिकेच्या जॉन लिटल यांनी. आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा सरासरी वेळ. हे नातं आधीही वापरात होतं, पण सर्वसाधारण सिद्धता कोणी दिली नव्हती. फिलिप मोर्स यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात वाचकांना याला अपवाद शोधून दाखवायचं आव्हानच दिलं होतं. लिटल तेव्हा क्लीव्हलँडच्या केस इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. वर्गानंतर एका विद्यार्थ्याने विचारलं, हे सिद्ध करणं कितपत अवघड असेल? फार नसावं, असं ते म्हणाले, आणि मग ते काम त्यांच्याच अंगावर आलं, अशी आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली. सिद्धता १९६१ मध्ये छापून आली. येणारे लोक ठरावीक अंतराने येतात की झुंडीने, आत कोणाला आधी घेतात, यांतल्या कशावरही हे नातं अवलंबून नाही, हे त्याचं सामर्थ्य.

कोविनच्या आकड्यावर ते लावून पाहू. सेकंदाला ५५ हजार रिक्वेस्ट येत आहेत. प्रत्येकीला ०.२ सेकंदांत उत्तर मिळालं, तर एका क्षणी हातात ११ हजार कामं. डेटाबेस दमला किंवा ओटीपी पाठवणारी सेवा रेंगाळली, आणि उत्तराला २ सेकंद लागू लागले, तर हातात १ लाख १० हजार. येणारी माणसं एकानेही वाढलेली नाहीत. ओझं दहापट झालं. गर्दी फार झाली, एवढं म्हणून सुटणाऱ्यांनी हा गुणाकार कागदावर एकदा करून बघावा. गर्दी हा त्यातला एक घटक आहे, दुसरा घटक संथपणा. तो आपल्या हातातला असतो.

न संपलेल्या रिक्वेस्टची नोंद

मोठ्या सेवा विश्वासार्हपणे चालवण्यावर २०१६ मध्ये निघालेल्या गूगलच्या पुस्तकात मॉनिटरिंगच्या चार मुख्य खुणा सांगितल्या आहेत : उत्तराला लागणारा वेळ, येणारी वाहतूक, चुका आणि संपृक्तता, म्हणजे यंत्रणा किती भरली आहे ते. पहिल्या तिन्हींवर सगळे भर देतात. पण प्रत्यक्षात या तिन्हींचे आकडे बहुतेक ठिकाणी रिक्वेस्ट संपल्यावर नोंदले जातात. किती वेळ लागला हे संपल्याशिवाय कळणार कसं? चूक झाली की नाही हेही शेवटीच ठरतं. लॉगची ओळदेखील उत्तर गेल्यावर लिहिली जाते.

एक साधा हिशेब मांडतो. अपाचेच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक रिक्वेस्टला एक स्वतंत्र प्रोसेस लागते आणि मुळातली मर्यादा २५६ असते. समजा, सेकंदाला १०० रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येकीला ०.१ सेकंद लागतो. हातात सरासरी १० कामं. एवढ्यात डेटाबेसमध्ये कुठेतरी कुलूप अडकलं आणि प्रत्येक रिक्वेस्टला ४ सेकंद लागू लागले. आता सेकंदाला १०० नवी कामं हातात येताहेत आणि संपत एकही नाही. १० वरून २५६ वर जायला अडीच सेकंद पुरतात. मर्यादा भरली तेव्हा पहिली रेंगाळलेली रिक्वेस्ट अजून पूर्णही झालेली नाही. वेळेच्या ग्राफमध्ये एकही संथ नोंद पडलेली नाही. चुकांचा ग्राफ स्वच्छ. प्रोसेसरही निवांत, कारण सगळ्या प्रोसेस डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत स्वस्थ बसल्या आहेत. बाहेर मात्र पान उघडत नाही, आणि लोक रिफ्रेश दाबून रांगेत आणखी भर घालताहेत.

त्या क्षणी खरं बोलणारा ग्राफ फक्त एक असतो, गेजचा. कारण रिक्वेस्ट आत आल्याबरोबर ते एकने वाढतं. तिचं पुढे काय झालं याची ते वाट पाहत नाही. कायमच्या अडकलेल्या रिक्वेस्ट, म्हणजे ज्यांना टाइमआउटच लावलेला नाही आणि ज्या कधीच परत येणार नाहीत, त्या इतर कोणत्याही मापात उतरत नाहीत. गेजमध्ये त्या दिसतात. जे काम झालं त्याची नोंद सगळेच ठेवतात. जे झालेलं नाही आणि ज्यासाठी कोणीतरी समोर ताटकळत बसलं आहे, त्याची नोंद हे एकच माप ठेवतं. म्हणून मला त्याचं मोल मोठं वाटतं.

एक अधिक, एक उणे

हे माप ठेवणं दिसायला अगदी सोपं आहे. रिक्वेस्ट आली की एक मिळवा, गेली की एक वजा करा. सगळं कसब त्या वजाबाकीत आहे.

मी पूर्वी काम केलेल्या एका कंपनीत पैसे भरण्याच्या सेवेवर असं गेज लावलेलं होतं. दिवसा त्याच्या चढउतारात काही वावगं दिसत नसे. पहाटेचा ग्राफ पाहिला तेव्हा खटकलं. पहाटे तीनला तिथे कोणी नसतं, गेज शून्याला टेकायला हवं. ते टेकत नव्हतं, आणि त्याचा तळ दर रात्री आदल्या रात्रीपेक्षा थोडा वर होता. सेवा रीस्टार्ट केली की तळ शून्यावर येई, आणि रीस्टार्टने आजार बरा झाला असं सगळ्यांना वाटे. कोड उघडल्यावर कारण सापडलं. बँकेकडून त्रुटीचं उत्तर आलं की प्रोग्राम मधूनच बाहेर पडत होता आणि वजाबाकीची ओळ त्याच्या खाली होती. जितक्या त्रुटी, तितके एक अधिक कायमचे शिल्लक.

म्हणून वजाबाकी अशा जागी लिहावी लागते, जिथे प्रोग्राम कोणत्याही वाटेने बाहेर पडला तरी ती होणारच. पायथन आणि जावामध्ये त्यासाठी ‘फायनली’ आहे, गो भाषेत ‘डिफर’. प्रोमिथियसच्या पायथन लायब्ररीत तर हे काम करणारी तयार सोय आहे. फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की आत येताना बेरीज आणि बाहेर पडताना वजाबाकी ती स्वतः करते. गो लायब्ररीतही तसंच वेष्टन मिळतं. ते वापरावं, हाताने लिहू नये. आणि पहाटेचा तळ पाहण्याची सवय ठेवावी. गेज खरं बोलतं आहे की नाही, हे गर्दीच्या वेळी कळत नाही, रिकाम्या वेळी कळतं.

वजाबाकी चुकण्याच्या आणखी वाटा आहेत. दोन थ्रेडनी एकाच वेळी ४१ वाचलं आणि दोघांनी ४२ लिहिलं, तर एक रिक्वेस्ट हरवली. म्हणून बेरीज अखंड, एका दमात व्हावी लागते. पायथनच्या गनिकॉर्नसारख्या सर्व्हरमध्ये अनेक प्रोसेस असतात आणि प्रत्येकीचं गेज वेगळं. त्यातली एक प्रोसेस बळाने मारली गेली, तर तिला वजाबाकी करायची संधीच मिळत नाही. अशा वेळी फक्त जिवंत प्रोसेसची बेरीज घेण्याचा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर मेलेल्या प्रोसेसच्या रिक्वेस्ट ग्राफवर दिसत राहतात.

दोन नजरांमधली फट

गेजला एक जन्मजात मर्यादा आहे. प्रोमिथियस ठरावीक अंतराने येऊन आकडे वाचून जातं. काही सांगितलं नाही तर मिनिटाला एकदा. पुष्कळ जण ते पंधरा सेकंदांवर ठेवतात. या दोन नजरांच्या मध्ये गेज २५६ वर जाऊन परत १० वर आलं, तर ग्राफवर सरळ रेषा दिसते आणि तक्रारी मात्र खऱ्या असतात. काउंटरचं असं होत नाही. मध्ये कितीही वेळ पाहिलं नाही तरी त्याची बेरीज चुकत नाही.

यावर उपाय आहेत. सर्व्हरने आकडा सांगताना चालू किमतीसोबत अलीकडच्या काळातला उच्चांकही सांगावा, हा पहिला. दुसरा उपाय लिटल यांच्याकडून येतो. रिक्वेस्टना लागलेल्या एकूण वेळाचा काउंटर ठेवला आणि तो दर सेकंदाला किती वाढतो हे काढलं, तर त्या काळातली हातातल्या कामांची सरासरी मिळते. एका सेकंदात सगळ्या रिक्वेस्टनी मिळून ४० सेकंद खर्च केले, तर सरासरी ४० कामं एकाच वेळी चालू होती. ही सरासरी फटीतलं काही गाळत नाही. पण ती संपलेल्या कामांचीच असते, अडकलेली तिच्यात येत नाहीत. म्हणून दोन्ही शेजारीशेजारी ठेवावीत. ती जुळत असतील तर सारं सुरळीत. गेज वर आणि सरासरी खाली अशी ती फाकली, तर काहीतरी आत येऊन बाहेर पडत नाही, हे नक्की.

सर्व्हर अनेक असले की आणखी एक सापळा. वीस सर्व्हरांची सरासरी काढली तर त्यातला एक तुंबलेला लपून जातो. बेरीज क्षमतेसाठी पाहावी, आणि आजार शोधताना प्रत्येकाचा आकडा वेगळा. एनजिनएक्समध्ये ‘सर्वांत कमी जोडण्या’ असलेल्याकडे पुढचं काम पाठवण्याची सोय आहे, म्हणजे तिथे गेज स्वतःच निर्णय घेतं. सोय उत्तम आहे. पण आजारी पडून झटपट चुकीचं उत्तर देणाऱ्या सर्व्हरच्या हातात नेहमीच कमी काम दिसतं, आणि मग सगळी गर्दी त्याच्याकडेच वळते. कमी आकडा म्हणजे निरोगी, असं धरून चालत नाही. चुकांचा ग्राफ त्याच्या शेजारी लागतोच.

ऑक्टोबर २०१३

हा आकडा डोळ्यांसमोर नसला तर काय होतं, याचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या हेल्थकेअर डॉट गव्ह या आरोग्यविम्याच्या संकेतस्थळाचं. १ ऑक्टोबर २०१३ ला ते सुरू झालं. एकाच वेळी ५० ते ६० हजार लोक येतील असा अंदाज होता. सरकारी अधिकाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे आले अडीच लाख. त्यात योजना नुसत्या चाळून पाहण्यासाठीही आधी खातं उघडण्याची सक्ती होती, त्यामुळे सगळी गर्दी एकाच अरुंद दाराशी अडली. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकलेल्यांची संख्या होती सहा.

त्या महिन्यात दुरुस्तीसाठी बोलावलेल्या तज्ज्ञांत गूगलचे मायकी डिकरसन होते. आल्यावर त्यांना जे आढळलं ते आजही अंगावर येतं. संपूर्ण यंत्रणा आत्ता कशी चालली आहे हे एका जागी दाखवणारा डॅशबोर्डच नव्हता. दुरुस्तीची सुरुवात मोजमापापासून झाली. १ डिसेंबरला सरकारने प्रगतीचा अहवाल दिला, आणि त्यातलं उद्दिष्ट नेमक्या शब्दांत होतं : एकाच वेळी ५० हजार लोक आणि दिवसाला ८ लाख भेटी. एक भेट अर्ध्या तासाची धरली, तर ५० हजारांतून ताशी १ लाख भेटी होतात आणि गर्दीच्या आठ तासांत ८ लाख. लिटल यांचंच गणित. उत्तराचा सरासरी वेळ आठ सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आला होता. संगणकांची भरही त्यांनी घातली, पण आत राहण्याचा वेळ घटल्याशिवाय तेवढ्याने भागलं नसतं. पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारने डिजिटल सेवांसाठी स्वतंत्र पथक उभारलं, तेव्हा डिकरसन त्याचे प्रमुख झाले.

वेळेवर नाही म्हणणं

मोजलेला आकडा नुसता पाहायचा नसतो. हातात किती काम झेपतं हे चाचणी घेऊन ठरवावं, आणि गेज तिथे पोचलं की नव्या रिक्वेस्टला ताबडतोब ‘थोड्या वेळाने या’ असं उत्तर द्यावं. ऐकायला हे कठोर वाटतं. पण सगळ्यांना आत घेऊन कोणालाच उत्तर न देणं जास्त कठोर आहे. एनव्हॉय या प्रॉक्सीमध्ये मागच्या सेवेकडे एकाच वेळी जाऊ शकणाऱ्या रिक्वेस्टची मर्यादा मुळातच १०२४ ठेवलेली असते. नेटफ्लिक्सने २०१८ मध्ये खुली केलेली एक लायब्ररी त्यापुढे जाते. उत्तरं संथ होऊ लागली की ती मर्यादा आपोआप खाली आणते, सुधारली की वर नेते.

हॉटस्टारच्या इंजिनिअरांनीही जाहीर व्याख्यानांत सांगितलं आहे की, मोठ्या सामन्यांत नवे सर्व्हर कधी जोडायचे हे ते प्रोसेसरच्या भारावर सोडत नाहीत. रिक्वेस्टचा दर आणि एकाच वेळी पाहणाऱ्यांची संख्या यांच्या पायऱ्या आधीच आखतात, कारण सर्व्हर उभा राहायला वेळ लागतो आणि गर्दी तेवढी थांबत नाही. त्यांचं एक निरीक्षण फार मोलाचं आहे. न्यूझीलंडविरुद्धच्या त्याच उपांत्य सामन्यात १० जुलै २०१९ ला धोनी धावबाद झाला आणि पाहणाऱ्यांचा आकडा कोसळला. आता भार उतरेल असं वाटावं. पण व्हिडिओतून बाहेर पडलेला प्रत्येक जण मुख्य पानावर येतो आणि ते पान तयार करणाऱ्या सेवांवर एकदम लोंढा पडतो. एक गेज उतरताना दुसरं चढतं. यंत्रणेच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळं गेज हवं, ते यासाठी.

निविदेतली एक ओळ

महाराष्ट्रात दहावी-बारावीचा निकाल दुपारी एकला लागतो. सगळ्यांना तारीख ठाऊक, वेळ ठाऊक, विद्यार्थ्यांची संख्या तर मंडळापाशी नेमकी. प्रवेश, शिष्यवृत्ती, पीकविमा, भरती यांच्या शेवटच्या तारखाही सरकारनेच ठरवलेल्या असतात. ही गर्दी अवचित आलेली नसते, वेळापत्रकाने आलेली असते. तिचा अंदाज एर्लांगला १९१७ मध्ये हातानेच करता आला असता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाच्या निविदेत दोन आकडे लिहिलेले असावेत : एकाच वेळी किती माणसं, आणि त्यांना किती सेकंदांत उत्तर. ‘कोट्यवधी नागरिकांना सेवा’ हे वाक्य तपासता येत नाही. ‘एकाच वेळी दोन लाख, दोन सेकंदांच्या आत’ हे तपासता येतं. काम ताब्यात घेण्याआधी तेवढी गर्दी कृत्रिमरीत्या आणून चाचणी व्हावी. आणि सेवा चालू असताना ‘आत्ता आत किती, मर्यादा किती’ हा आकडा लोकांना त्याच पानावर दिसावा. क्रिकेटच्या सामन्याला तो दाखवता येतो, तर दाखल्यासाठी, लसीसाठी, प्रवेशासाठीही दाखवता येईल. तालुक्याच्या गावी दिवसाची मजुरी बुडवून सेतू केंद्रात आलेल्या माणसाला तो आकडा पाहून निदान ठरवता येईल की थांबायचं, की संध्याकाळी यायचं.

त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, गणित साठ वर्षांहून जुनं आहे, आणि ते वापरणारी मुलं-मुली पुण्यात, नागपुरात, नाशकात रोज हेच काम परदेशी कंपन्यांसाठी करतात. निविदा लिहिणाऱ्याने ती ओळ लिहायची आहे, आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ ऐकणाऱ्या आपण पुढचा प्रश्न विचारायचा आहे : आत किती होते, आणि किती झेपतील असं ठरलं होतं?